भूपालनं हाळी दिली होती

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आता पूर्ण मिटत नाही. शर्टाची बटणं डाव्या हातानं लावतो. तांब्या उचलताना खालून दुसरा हात लावावा लागतो. कुणी विचारलं तर सांगतो, कुत्रं चावलं. तेवढं खरं आहे. त्यापुढं जे सांगत आलो ते खरं नाही.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय बहात्तर, साखरेचा त्रास जुना. आष्ट्याबाहेर वस्तीवर मुलगा विजय, सून वैशाली आणि चिमी यांच्याबरोबर राहतो. चिमी म्हणजे कुत्री, मांजरापेक्षा थोडी मोठी. साताऱ्याला दिलेल्या आमच्या लेकीनं, सुनीतानं, ती तिच्या आईसाठी आणली होती. दोन वर्षांपूर्वी माझी मंडळी, कमल, गेली आणि चिमी माझ्या मागं फिरू लागली.

कुणाला कुत्रं चावलं असेल, किंवा कुणाच्या घरी लहान कुत्रं आणि दारात मोठी मोकळी कुत्री असतील, तर यातलं त्यांनी काय घ्यायचं ते घ्यावं. मला स्वतःला अजून सगळं उमगलेलं नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

हाळीचा नियम

आमच्या बांधाला लागून भूपालचं रान. भूपाल माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा. जैन घर, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण. वस्तीवर पाण्याच्या मोटारीच्या केबली चोरीला जायला लागल्यापासून त्यानं वाघ्या आणि सोन्या अशी दोन कुत्री पाळलेली. दिवसभर साखळीला. भूपालचं जेवण झालं की उरलेली भाकरी घेऊन तो गोठ्यात जायचा, कुत्र्यांना घालायचा आणि सोडायचा. रात्रभर ती रानात मोकळी.

चिमी घरात आल्यावर आम्ही दोघांनी एक नियम केला. कुत्री सोडायच्या आधी भूपाल बांधावर येऊन हाळी द्यायचा, "सोडतुयाऽऽ!" मी रस्त्यावर असलो तर हात वर करायचा, चिमीला उचलायचं आणि घराकडं वळायचं. माझा हात दिसल्याशिवाय तो साखळी काढत नसे. हात वर करायची गोष्ट मी घातली होती. फौजेत हुकूम मिळाला की मिळाला असं कळवावं लागतं.

"आयला, दोन कुत्री सोडायची तर ह्येची परेड!" असं म्हणून भूपाल हसायचा, पण रोज हाळी द्यायचा. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही.

त्या संध्याकाळी

दिवाळी होऊन गेली होती. पलीकडच्या फडात ऊसतोड चालू होती. चिमी रस्त्याकडेच्या करंजाखाली हुंगत होती. तिथं एक दगड आहे, त्यावर कमल चिमीला घेऊन बसायची. चिमी तिथून लवकर हलत नाही. मीही तिला ओढत नाही.

हाळी आली. मी हात वर केला.

आणि वळलो नाही.

का वळलो नाही, ते मला आजही सांगता येत नाही. अजून दोन मिनिटं हुंगू दे तिला, असं वाटलं असेल. इतक्या वर्षांत काही झालं नाही, असं वाटलं असेल. कमलची आठवण आली होती म्हणून, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण तसंच होतं का, मला माहीत नाही.

वाघ्या उसाच्या सरीतून आला. भुंकला नाही. भुंकला असता तर मी सावध झालो असतो. त्यानं चिमीची मान धरली. मी पट्टा वर ओढला, तर चिमी गळ्यावर लटकली. तिला खालून हात घालून उचललं. वाघ्यानं तिची मान सोडली आणि तो माझ्या छातीवर उड्या मारू लागला. मी तिला डोक्याच्या वर धरलं. आता मला कळतं की उचललेलं कुत्रं मोठ्या कुत्र्याला आणखी पेटवतं. हातात काठी असती तर ती आडवी धरून, चिमीला मागं घेऊन, न पळता सरकत जायला हवं होतं. काठी घरात दारामागं होती.

चिमी वरती पिळवटली. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे आग लागल्यासारखं झालं. मी पाहिलं, माझ्या हातात तिचेच दात होते. तिचे डोळे पांढरे झाले होते. ती कुणाला चावतेय हे तिला कळत नव्हतं. मग मी पडलो. वाघ्याच्या नखांनी पोटरीवर ओरखडे आले.

भूपाल खोरं घेऊन धावत आला. त्यानं नुसतं "वाघ्या!" म्हटलं आणि वाघ्या शेपूट घालून बाजूला झाला. भूपालनं खांद्यावरचा पंचा माझ्या हाताला गुंडाळला.

"आरं गड्या, मी हाळी दिल्ती न्हवं?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "न्हाई दिलीस."

इतकंच. वेदनेत बोलून गेलो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण मी त्याच्याकडं बघून बोललो. तो पंचा तसाच धरून राहिला. नंतर म्हणाला, "दिल्ती की रं..." पण ते मला नव्हे, स्वतःलाच म्हटल्यासारखं.

तेवढ्यात विजय आला. "कोण चावलं आप्पा?"

मी म्हणालो, "वाघ्या. हाळीबी दिली न्हाई ह्येनं."

दोन खोटी एका दमात.

का ते

पहिल्या खोट्याचं, वाघ्याचं नाव घेण्याचं, कारण मला ठाऊक आहे. कमल असताना चिमीची लस तीच दरवर्षी करून आणायची. कार्ड बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. ती गेल्यावर वैशालीनं दोनदा आठवण करून दिली, "मामा, चिमीची सुई ऱ्हायलीया." दुसऱ्या वेळी मी सांगितलं, आणली करून. आणली नव्हती. तो डबाच मला उघडवत नव्हता. आता बिनलसीची कुत्री मला चावली असं सांगितलं, तर घरात चिमीला कोण ठेवून घेणार? भूपालची कुत्री मात्र लस टोचलेली, कार्डासकट. वाघ्याचं नाव घेतलं तर कुणाचंच नुकसान नाही, असा हिशेब रक्त गळत असताना माझ्या डोक्यानं केला. एवढं सुचलं, पण साबणानं हात धुवायचं सुचलं नाही. घरी येऊन जखमेत हळद दाबली. आमच्याकडं हळदीला तोटा नाही. तीच चूक नडली.

दुसऱ्या, हाळीच्या खोट्याला मला कारण सापडत नाही.

चुकीचं कुत्रं

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. सांगलीला नेलं. तरुण डॉक्टरीण होती, चष्म्याच्या वरून बघणारी. तिनं हळद पाहिली आणि सिस्टरला बोलावलं. सिस्टर जखम धूत राहिली, पंधरा मिनिटं तरी. मग जखमेच्या कडेनं सुया, दंडात सुई. संध्याकाळी हात चिरून पू काढला.

"कुत्रं कुणाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेजाऱ्याचं. लस झालेलं," मी म्हणालो.

"बरं झालं. तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. खातंय, पितंय का, वागणं बदललंय का. काही वाटलं तर लगेच कळवा."

घरी निरोप गेला. भूपालचा मुलगा अजित कार्ड घेऊन आला आणि वाघ्याला रात्रीही साखळीलाच ठेवलं. अख्खी वस्ती वाघ्यावर लक्ष ठेवू लागली. सकाळी कोण ना कोण बघून जायचं. भाकरी खाल्ली. पाणी प्यायलं. विजय मला रोज फोनवर सांगायचा, "वाघ्या ठणठणीत हाय आप्पा, काळजी करू नगा."

आणि मी विचारायचो, "चिमी कशी हाय?"

"हाय की. वैशाली मलम लावती मानंला."

"पाणी पिती का?"

"आप्पा, तुमचा हात बघा आदी!"

सगळे चुकीच्या कुत्र्याकडं बघत होते. जिच्याकडं बघायला हवं ती माझ्या घरात, वैशालीच्या मांडीवर होती.

तिसऱ्या दिवशी वैशाली डबा घेऊन आली. तिच्या मनगटावर पट्टी होती.

"हे काय?"

"काय न्हाई मामा. मलम लावताना चिमीचा दात लागला. दुखतंय तिला, तिचा काय दोष."

मी डब्याकडं बघत राहिलो. मेथीची भाजी होती.

पाण्याचा ग्लास

त्या दिवसापासून मला ताप चढला. तापात तोंडाला चव नव्हती. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक मिरजेचा गृहस्थ होता, जिभेला हाड नसलेला. मी ग्लास हातात घेऊन बसलो की म्हणायचा, "प्या की सुभेदार! पाण्याला भ्यालासा म्हंजे पिसाळलासा, कार्यक्रमच झाला." सगळी खोली हसायची. मीही हसायचो. आणि मग खरंच पाणी घशाशी अडकतंय असं वाटायचं. घोट गिळून झाला की मी स्वतःला विचारायचो, सहज गेला की जोर लावला? दिवसातून वीस वेळा. तहान नसताना पाणी पिऊन बघायचो.

माझ्यासाठी सुया चालू होत्या. वैशालीसाठी काहीच नव्हतं, कारण माझ्या शब्दावर सगळ्यांनी चिमीला लस झालेली धरली होती. हे मला कळत होतं. तरी तिसरा दिवस गेला आणि चौथ्याची दुपार झाली. चीनच्या सरहद्दीवर बर्फात उभा राहिलेला माणूस मी. माझ्याच्यानं एक वाक्य होत नव्हतं.

शेवटी सिस्टरला सांगितलं. ती पट्टी बदलत होती. केरळची असावी, मराठी तोडकं. मी म्हणालो, "सिस्टर, हाताला आमच्या घरातलं कुत्रं चावलंय. लस नाही." तिला वाटलं मी तापात बोलतोय. तिनं कपाळाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. मग ती पळतच गेली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आजोबा, सूनबाईंना आजच बोलवा. आणि आता चिमीवर लक्ष."

वैशाली दंडावर कापूस दाबून माझ्या खाटेशी आली.

"मामा, मी रोज डबा आनती. एकदा तरी बोलायचं. मी चिमीला टाकून दिली आसती, आसं वाटलं व्हय तुमास्नी?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं कापूस कचऱ्यात टाकला, डबा उघडला आणि भाकरी कुस्करून दुधात घातली, कारण माझा हात चालत नव्हता. "जेवा," म्हणाली. ती आणखी काही बोलली असती तर मी तिथंच रडलो असतो. नंतर चिमीचे दहा दिवस तिनंच मोजले. रोज सकाळी फोन यायचा, एकच शब्द. "प्याली."

पण विजय म्हणाला, "आप्पा, आता ह्ये घरातच ऱ्हाऊ द्या. वस्तीवर सगळीकडं वाघ्याचंच नाव झालंय. उगंच आपलं हसं नको." मी मान हलवली. हाळीचं तर मी त्यालाही सांगितलं नाही.

भूपाल भेटायला आला

आठव्या दिवशी भूपाल आला. पांढरा सदरा, हातात केळी. खाटेच्या कडेला बसला.

"दुकतंय का?"

"कमी हाय."

"सुभेदार, येक इचारू? मी त्या दिवशी खरंच हाळी दिली न्हाई?"

मी डोळे मिटले. झोप लागल्यासारखं केलं. त्यानं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाला, "मला तर दिल्यागत वाटतंय. तुझा हातबी दिसल्यागत वाटतंय. पन तू म्हंतुयास तर..." आणि उठून गेला. शेजारच्या खाटेवरच्या मिरजकरानं त्याला हाक मारली, "ओ पावनं, केळी ऱ्हायली न्हवं का तुमच्याच हातात!" भूपालनं हाताकडं बघितलं. केळी परत येऊन माझ्या उशाशी ठेवली. सगळे हसले.

ते हसू मला अजून ऐकू येतं.

साताऱ्यात

अकराव्या दिवशी सोडलं. हाताला व्यायाम करून घ्यायला सुनीतानं मला साताऱ्याला नेलं, चिमीसकट. तिथं उताराच्या गल्लीत मोकाट कुत्री. सुनीतानं मला काठी दिली आणि चिमीला अंगपट्टा आणला, म्हणजे ओढलं तरी गळ्याला फास बसत नाही. आम्ही सकाळी उशिरा, बायका दूध आणायला बाहेर पडल्या की निघायचो. कोपऱ्यावर आधी थांबून बघायचो. समोरून कुत्रं आलं की रस्ता बदलायचा, त्यात कमीपणा नाही. हे सगळं आष्ट्यालाही करता आलं असतं. चिमी पहिले पंधरा दिवस उंबरा ओलांडायला तयार नव्हती. मीही नव्हतो. ती थरथरायची, मी दाराची कडी धरून उभा राहायचो, आणि सुनीता म्हणायची, "दोघंबी सारखीच. आता कोण कुनाला नेतंय ते तरी ठरवा."

एक दिवस ती फोन ठेवून म्हणाली, "भूपालकाकांना सांगलीला नेलतं म्हणं. डोक्याचा फोटो काढायला."

"का?"

"विसर पडतोय म्हणं. तुमच्या त्या दिवसापासनंच. हाळी दिली न्हाई आन् दिली म्हणत बसल्यात. अजितदादानं गाडीच्या चाव्या काढून घेतल्यात त्यांच्याकडनं. सोन्यालाबी तोच सोडतो आता. वाघ्या तर दिला की धनगराला, कोकणात मेंढरं घेऊन चालल्याल्या."

माझ्या हातात व्यायामाचा रबरी चेंडू होता. तो पडला आणि चिमी त्याच्यामागं धावली. किती दिवसांनी ती धावत होती. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

माझं आजारपण अकरा दिवसांचं होतं. भूपालला लागलेलं आजारपण मी दिलेलं होतं, आणि त्यावर कुठं सुई नव्हती.

बांधावर

दोन दिवसांनी सुनीताच्या नवऱ्यानं आम्हाला आष्ट्याला आणून सोडलं. मी घरात न जाता थेट भूपालकडं गेलो. तो ओसरीत शेंगा फोडत बसला होता. टरफलं ताटात आणि दाणे खाली टाकत होता. मला पाहून त्याच्या लक्षात आलं, मग घाईनं सारखं केलं.

"या सुभेदार. हात कसा हाय?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"भूपाल, तू हाळी दिल्तीस."

तो दाणे वेचत राहिला.

"मी ऐकलीती. हातबी वर केलता. आन् वळलो न्हाई. हाताला चिमी चावली, वाघ्या न्हाई. मी खोटं बोललो."

त्यानं वर बघितलं. "हात वर केलतास?"

"केलता."

"कंचा?"

"डावा. उजव्यात पट्टा हुता."

"डावा," तो म्हणाला. "डावाच. मी अजितला तेच सांगत हुतो, डावा हात वर केलता म्हून. तर त्यो म्हनला, दादा, तुमास्नी कालचं आज आठवत न्हाई." त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं तो आता मला खोऱ्यानं मारेल. मारायला हवं होतं. तो ओरडला, "अजित! ए अजित! भाईर ये! तुज्या आईलाबी बलीव!"

ते आले. "बोल," भूपाल म्हणाला.

मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यानं हात झटकला. "ते तुजं माफीचं नंतर. आदी हाळीचं सांग."

मी त्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं. अजित माझ्याकडं बघत नव्हता. त्याची आई पदर तोंडाला लावून आत गेली. भूपाल मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, जणू शाळेत बरोबर आलेली गणितं तपासून घेतोय.

मी समजत होतो, एवढ्यानं सगळं सरळ होईल. झालं नाही. थोडा विसर खरंच आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. किती आधीपासूनचा, आणि किती मी डोक्यात घातलेला, ते कुणालाच सांगता येत नाही. अजितनं चाव्या परत दिल्या, पण काही दिवसांनी परत घेतल्या. वाघ्यासाठी धनगराला फोन केला. तो म्हणाला, "लय गुनाचं हाय वो. लांडगा हुसकला त्येनं. आता मागू नगा." भूपाल हसला आणि मग बराच वेळ हसला नाही.

आमचं बोलणं चालू आहे. पूर्वीसारखं आहे असं म्हणवत नाही. मधेच कधी तो विचारतो, "सुभेदार, मी हाळी दिल्ती न्हवं?" मी सांगतो, दिल्तीस. दर वेळी पहिल्यापासून सांगतो. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "तू लिवून दे. उद्या मी इसरलो, आन् तू मेलास, तर सांगायचं कुनी?"

म्हणून हे लिहिलं. एक प्रत त्याच्या घरात राहील, अजितच्या चाव्यांशेजारी.

काल दिवस मावळायच्या आत भूपाल जेवला. भाकरी घेऊन गोठ्यात गेला. आता एकटा सोन्याच आहे. अजित मागं उभा होता. मी रस्त्यावर होतो, काठी आणि चिमी घेऊन, करंजाजवळ.

"सोडतुयाऽऽ!"

मी हात वर केला. डावा. तो बांधावर उभा राहून बघत राहिला, साखळीला हात न लावता. मी चिमीला उचललं आणि घराकडं वळलो. दारात पोचून कडी लावली, तेव्हा कुठं पलीकडं साखळी वाजली.